टाका नाही

डंडीच्या दंतरुग्णालयात, तिसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर मॉरॅग म्हणाल्या,
"टाके नाही घालणार, मिस्टर शिंपी."
शिंपी हे माझं आडनाव, आणि धंदाही.
इथे कुणाला त्यातली गंमत कळत नाही.
"मग?"
"चिकटवणार."

चाळीस वर्षं हिलटाऊनच्या चढावर
मी या गावाच्या पँटी आखूड केल्या,
नवरदेवांच्या किल्टच्या कंबरा सैल केल्या.
चिकटवलेली शिवण म्हणजे
आमच्यात शिवीच.
लोक घरीच पट्टी लावून, इस्त्री फिरवून
पडद्यांचे काठ दुमडायचे,
दोन धुण्यांत लोंबते काठ घेऊन यायचे.
मी बोलायचो नाही. उसवायचो, शिवायचो, पैसे घ्यायचो.

आता तर तोंड आ वासलेलं,
अर्धा ओठ भुलीनं दुसऱ्याच कुणाचा झालेला.
कोटाची कॉलर उलटावी तशी
त्यांनी हिरडी उलटली,
आतलं खरवडलं, परत बसवली,
आणि ओल्या कापसानं दोन मिनिटं दाबून धरली.
हे मात्र पटलं. कापड आधी बसू द्यावं लागतं.

मग थेंब. जांभळट. एक, आणखी एक.
"ओल लागली की हा घट्ट होतो," त्या म्हणाल्या.
मी आयुष्यभर ओलीनं सुटणारंच पाहिलं होतं:
खळ, डिंक, लिफाफे,
मुलीच्या लग्नाचा सूट अंगावर घालून बघताना
आरशापुढे ताठ उभे राहिलेले बाप.

घरी आलो तर जीभ सारखी तिकडेच.
गाठ शोधत होती.
गाठ नाही तर काम संपलं हे कळायचं कसं?
टे नदीवरून धुकं वर आलं,
मी आमटी गार करून उजव्या गालानं प्यालो.
अंबुजा म्हणाली, "हाड नाही तिला,
निदान लाज तरी असू दे. गप्प बसवा."

सातव्या की आठव्या दिवशी
कपाच्या कडेला नखाएवढा जांभळा पापुद्रा.
चष्मा लावून पाहिलं, मग भिंग घेऊन.
सुईचं एक भोक नाही.
मांसानं मांस धरलेलं, कोवळं, गुलाबी.
कारागिराची पारख आम्ही उलट्या बाजूनं करतो,
आणि इथे उलटून बघायची सोयच नव्हती.

पापुद्रा टाकवेना.
बटणांच्या डब्यात ठेवला, शिंपल्याच्या चार बटणांशेजारी.
दुकान उघडलं.
पहिलीच एक पोरगी, वडिलांचा जाड कोट घेऊन,
बाही खांद्यातून निघालेली.
"चिकटवून मिळेल का?"

हसलो, तेव्हा हिरडी जराशी ओढली गेली.
दोऱ्याला मेण लावलं.