उरलेला निळा

पंचायतीच्या भिंतीवर ईश्वर मेश्रामनं
सतरा चौकोन रंगवले.
जैतुरा आत्राम उन्हात थांबली,
"यातला आमचा कोनता?"
त्यानं ब्रशानंच दाखवला सहावा, निळा.
पाणी.

बोरिंगचा दांडा होळीपासून निखळलेला.

ग्रामसभेत ती रजिस्टरवर तळहात ठेवून बसली.
"लिहा. तारीख बी लिहा."
सचिव म्हणाले, पुढच्या महिन्यात पाहू.
तिनं हात काढला नाही.
चहा आला, गार झाला.
शेवटी पेनाचं टोपण निघालं.

वायसर आला बाविसाव्या दिवशी,
नटबोल्ट बायकांनीच कसले.
ईश्वरनं उरलेला निळा दांड्याला फासला,
वाळेपर्यंत कोण थांबतं?

रात्री पोडातल्या घागरीघागरीवर
निळी बोटं,
आणि जैतुराच्या नातीच्या गालावर
एक.