गझल अल महल्ला

मोबाइलच्या तडकलेल्या काचेत
इजिप्तच्या लीगची मॅच.
स्कोअरच्या पट्टीत नाव : गझल अल महल्ला.
मला वाटलं, मोहल्ल्याची गझल असेल,
कुणा शायरानं टीम काढली असेल.

सालम चाऊस हसला. पणजोबाची अरबी
त्याच्याकडे उरलीय मूठभर, खारकांसारखी.
म्हणाला, गझल म्हंजे सूतकताई रे.
गिरणीची टीम हाय ही.

मग मी नीट बसलो.

नांदेडात आमच्याही गिरणीची टीम होती.
बाप स्पिनिंग खात्यात, मैदानात लेफ्ट आउट.
रात्रपाळी करून थेट यायचा खेळायला,
भुवयांवर कापूस तसाच.
भोंगा बंद पडला त्या वर्षी
अकरा नंबरची जर्सी घरी आली
आणि आईनं तिची फडकी केली, सायकल पुसायला.

ब्याऐंशीवं मिनिट. महल्ला दोन गोलांनी मागं.
खालच्या डिव्हिजनला जाणार बहुतेक.
सालम जांभई देतो : बंद कर, बॅटरी चालली.

त्यांचा अकरा नंबरवाला
हरलेल्या मॅचमध्येही
कॉर्नरकडे पळतोय बॉल घेऊन.
थांब, म्हणतो मी,
पाळी संपू दे त्याची.