वीज गेल्यावर

वडगावात वीज गेली
की माग थांबतात,
आणि मागाखालचा काळ्या दचकून उठतो.
खडखडाटात गाढ झोपणारा,
शांतता त्याला सोसत नाही.

आज उठला नाही.
आडवाच धावू लागला, चारी पायांनी.
मिशा थरथरल्या,
एक बारीक भुंकणं घशातच राहिलं.
"कुठं पळूलालाय हा?"
शेवंता म्हणाली, बॉबिन भरता भरता.

मूळचा तो सिद्दव्वाचा, मागल्या गल्लीतला.
ती म्हणायची "बा इल्ली",
आम्ही म्हणतो "ये".
जागेपणी दोन्हीला येतो,
हातात भाकरी असली तर.

सिद्दव्वा लेकीकडे गेली, धारवाडला.
सामानाच्या टेंपोमागं हा
पी. बी. रोडपर्यंत पळाला होता.
मी सायकलवर घालून आणला.
तीन वर्षं झाली.

टेंपो अजून पुढंच असणार.
पाय थांबेनात.
मग शेपूट दोनदा फरशीवर आपटलं,
सुताची धूळ उडाली.

तेवढ्यात वीज आली.
शेजारचे माग सुरू झाले.
मी बटणावर बोट ठेवून उभा.

"साडी आज द्यायची हाय,"
शेवंता म्हणाली,
पण अगदी हळू,
आणि बॉबिन आवाज न करता
टोपलीत ठेवली.