कूलरचा पंप तुमसरचा

उरकुडे काका भाडं घ्यायला येतात
आणि दर वेळी विचारतात,
"कावून वं, नोकरी लागली का नाई?"
मी म्हणते, काम करते की काका.
ते टेबलावरच्या पाटीकडे बघतात.
पाटीवर फुलवंता, अर्धी काढलेली,
एक पाय जिन्यावर, दुसरा अजून हवेत.
"हे पैसे देते तुले?"
ती नाही देत. तिच्यासाठी देतात.

फुलवंता मीटर वाचते.
मानेवाड्यापासून हुडकेश्वरपर्यंत, घरोघरी.
कोणाचा पंखा रात्रभर फिरतो,
कोणाचं युनिट अचानक अर्ध्यावर आलं,
म्हणजे कोण गेलं असेल त्या घरातून,
हे तिला आकड्यांवरून कळतं
आणि ती कोणाला सांगत नाही.
दर शुक्रवारी आठ चौकटी.
चार वर्षं झाली.

सध्या एकसष्ट जण आहेत.
मार्चमध्ये त्रेसष्ट होते.

मी त्यांना घरात वाटून टाकलंय.
लाइट बिल म्हणजे गोंदियाच्या तिघी बहिणी,
पैसे एकाच कार्डावरून, भांडणं वेगवेगळी.
इंटरनेट नॉर्वेतल्या एकाचं.
त्याने विचारलं होतं, वाळ्याचा वास कसा असतो, विसरलो.
मी अख्खी चौकट काढली, ओल्या ताटीची, नुसत्या रेघा.
त्याने कळवलं, सुंदर आहे, पण वास नाही आला.
बरोबर आहे त्याचं.
सिलिंडर अकरा जण मिळून उचलतात,
त्यांची नावं पाठ आहेत, तोंडं नाहीत.
सकाळचे पोहे के-सत्तावीसचे.
बाई की बुवा, ठाऊक नाही,
महिन्याला चाळीस रुपये आणि एक शब्द नाही.
कधी कधी मी त्याच्या नावाने तर्री जास्त मागून घेते.

आणि कूलरचा पंप तुमसरच्या डोंगरे सरांचा.
गणित शिकवायचे, आता निवृत्त.
एकदा फुलवंताच्या हनुवटीवरचा तीळ राहून गेला,
तर रात्री साडेअकराला त्यांचं पत्र:
"तीळ कुठे गेला? तब्येत बरी आहे ना?"
तिची की माझी, कळेना.
पुढच्या शुक्रवारी तीळ काढला, थोडा मोठाच.

मे लागला. शेहेचाळीस पूर्णांक दोन.
दुपारी पाटी तापते,
रेघ पेनाच्या मागून मागून येते
बिऱ्हाडामागून येणाऱ्या कुत्र्यासारखी.
म्हणून मी रात्री काढते.
लॅपटॉपखाली स्टीलचं ताट, ताटाखाली ओला पंचा.
तीन वाजता गल्लीत दोनच आवाज,
गुरख्याची काठी
आणि पंपाचं गुळगुळ.

एक तारखेला मी यादी उघडते
हलक्या हाताने, फुलवंता अनोळखी फाटक उघडते तशी.
गेलेल्यांतला एक तर कार्ड संपून गेला असेल.
दुसरं नाव डोंगरे सरांचं.
कारण लिहायला तिथे दोन ओळींची जागा असते:
"मोतीबिंदू. अक्षरं पुसट दिसतात.
ऑपरेशननंतर बघू. तीळ विसरू नये."

त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही.
पंप चालूच होता. विचित्र वाटलं,
जणू त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

या शुक्रवारी आठाऐवजी तीन चौकटी केल्या,
पडदाभर एकेक, अक्षरं अंगठ्याएवढी.
फुलवंता एका दारापुढे.
दाराला कुलूप नाही, पण आकडा तीन महिने हललेला नाही.
वहीत "बंद" लिहायचं आणि पुढे जायचं, हा नियम.
तिसऱ्या चौकटीत ती वही मिटून कडी वाजवते.

दोघांनी लिहिलं, पैसे आठ चौकटींचे देतो, पाच कुठे आहेत?
एक सोडून गेला. साठ.

उरकुडे काका आले. चष्मा घरीच विसरलेले.
टेबलाशी वाकून एकेक शब्द वाचत राहिले.
"मंग? उघडते का कोणी?"
शुक्रवारी, म्हटलं.
भाडं त्यांनी दोनदा मोजून घेतलं,
आणि जाता जाता
कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतून गेले.