कुठं दिसेल

कुठं दिसेल, विचारतात.
हातमोजा दातांत धरून कार्ड काढतात,
कॉफी घेतात, नकाशा माझ्या काउंटरवर पसरतात.

मी सांगते : कामानेनच्या रस्त्यानं एकोणीस किलोमीटर,
तळ्याकडं उतरणारं दुसरं वळण.
दिवे विझवा. मान दुखेपर्यंत वर बघा.
ट्रोम्सोला ढग फार, आइसलँडला वारा,
आबिस्कोचं आकाश निवळ असतं म्हणे, मी कुठंच गेलेली नाही.
शिट्टी तेवढी वाजवू नका.
ते हसतात. मीही हसते.
पण या वयातही मी रात्री शिट्टी वाजवत नाही.

आमच्या सामी भाषेत त्याचं नाव ऐकू येण्यावरून पडलंय.
मला कधी ऐकू आला नाही.
फ्रिजची घरघर येते ऐकू, आणि उणे तिसात
टायरखाली कुरकुरणारा बर्फ.

एक गोष्ट सांगत नाही.

गेल्या जानेवारीत, रात्री दोनला,
भाड्याच्या गाडीतलं जोडपं धापा टाकत आत आलं.
बाईच्या बाहीला रक्त. तिचं नव्हतं.
मी सुरी घेतली, टॉर्च घेतला, पंप तसाच उघडा टाकला.

रस्त्याच्या कडेला रेनडियरची मादी, गाभण,
मागचे पाय दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे.
कानांवरच्या खुणा चाचपल्या :
दोन खाचा, टोक तिरकं. योव्नाची.
फोनवर म्हणाला, मला तास लागेल,
तू थांबू नकोस.

गुडघ्यांवर बसले.
हिवाळ्यात यांचे डोळे निळे होतात,
उन्हाळ्यात सोनेरी, इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.
पण त्या निळ्यात काहीतरी हिरवं सरकलं,
थबकलं, कडेनं जांभळं होऊन
पुन्हा सरकलं.
टॉर्च तर मी केव्हाच विझवला होता.

वर बघितलं नाही.
हात कामात होते.
मागं तो माणूस म्हणत होता सॉरी, सॉरी,
बायकोला की जनावराला, कळलं नाही.
सहा हजार किलोमीटरवरून आले होते बघायला
आणि दोघांच्याही माना खाली.

काम झालं तरी
डोळ्यातलं हिरवं हलतच राहिलं.
बराच वेळ.

योव्ना आला. कान कापून खिशात टाकले.
म्हणाला, आज वर जोरात आहे, नाही?
मी म्हटलं, असेल.

कुठं दिसेल, विचारतात.
एकोणीस किलोमीटर, दुसरं वळण.
पावती हातात देते
आणि म्हणते, सावकाश जा.