सुई

उद्यमनगरात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान.
शिकलगार मॅडम कॉलेजातलं जुनं मीटर घेऊन आल्या,
आणि रिक्षातून, मांडीवर, लाजाळूची कुंडी.
म्हणाल्या, सुईच हलत नाही.

कॉइल तुटलेली. केसाहून बारीक तार
भिंग लावून जोडली.
मग त्यांनी एक टोक देठाला, एक मातीत,
अन् मला म्हणाल्या, लावा बोट.

आधी सुई हलली.
मग पान.

करंट देठातनं उतरतो, त्या सांगू लागल्या,
सांध्याच्या गाठीत पोचतो,
तिथल्या पेशी पाणी सोडतात, पान पडतं.
लाजणं-बिजणं काही नाही.
म्हटलं, म्हणजे स्टार्टर इकडं अन् पंप तिकडं,
शिरोळकडं उसात असतो तसा.
हसल्या. व्हय, म्हणाल्या, तसाच.

पाच वर्षांमागं फेज अंगावर आला,
उजवी दोन बोटं गेली.
म्हणजे आहेत, पण गेली.
सीपीआरमध्ये मनगटाला तारा लावून
डॉक्टरनं असंच बघितलेलं.
पडद्यावरची रेघ हललीच नाही.

मजुरी म्हणून मी एक रोप मागितलं.
आता ते काउंटरवर, वार्निशच्या डब्यात.
गिऱ्हाइकं येता-जाता छेडतात.
मी सांगतो, बाबांनो, ट्रिप झालंय,
पंधरा मिनिटं दम धरा.

काल शटर ओढायच्या आधी
त्यातलंच एक बोट पानाच्या टोकाला टेकवलं.
पाकळ्या मिटत गेल्या
जोडीजोडीनं, देठापर्यंत.
त्याला कळलं कुणीतरी आलंय.
मी बोटाकडं बघत बसलो.