किल्ली कोणाकडे आहे

मिस्त्राला तिकीट होतं, रांग होती,
जायचं नाही तिथे दोरी बांधलेली होती.
मायसिनीच्या दारावरच्या सिंहांना डोकीच नव्हती,
त्यांच्याखाली एक शाळकरी पोरगा
चीजचा पफ खात, चुरा झटकत बसला होता.
तिथल्या भग्नतेला उघडायची वेळ होती
आणि बंद व्हायची.

इथे, मानीच्या पार खालच्या टोकाला,
डोंगर आपली हाडं उन्हात वाळत घालतो तिथे,
आठशे वर्षांच्या देवळाला नुसतं कुलूप.
देऊळ कसलं, एक खोली.
छपरावर अंजिराचं रोप, दाराशी मांजर.

कॉफीच्या दुकानात विचारलं.
पत्ते खेळणाऱ्या चौघांपैकी तिघांनी वर पाहिलं.
चौथा, ज्याची पानं बरी आली असावीत,
मान न उचलता म्हणाला,
"क्लिदी? लिगेरीकडे."

क्लिदी.
मी तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिलं.
किल्ली.
कोणत्या सौदागराच्या कमरेला लटकत,
वाटेत इराणात किती मुक्काम करत
हा शब्द आमच्या घरी आला असेल?
आणि मी, उसनं घेतलेलं विसरून
पुन्हा त्याच दाराशी मागायला उभी.

लिगेरी घरी नव्हती.
मोतीबिंदू काढायला कालामाताला गेली, सून म्हणाली,
आणि हाताने डोळ्यावर पट्टी बांधून दाखवली.
किल्ली किरियाकुलीसकडे.
किरियाकुलीस घाण्यावर.

घाण्यावर बोलायची सोयच नव्हती.
ऑलिव्हचा लगदा गरगरत होता,
हवा इतकी हिरवी की घशाला झोंबावी.
त्याने आधी पाव कापला, त्यावर तेल ओतलं,
"खा," म्हणाला, "देव कुठे पळत नाही."
वीस वर्षं जहाजावर काढलेलं त्याचं इंग्रजी
दोरखंडासारखं, जाड आणि गाठींचं.

चढावर त्याने बुरूज दाखवले, समोरासमोर दोन.
याच्यातून आमचा पणजोबा गोळ्या झाडायचा,
त्याच्यातून पणजोबाचा चुलतभाऊ.
कशावरून? त्याने खांदे उडवले.
आमच्याकडे याला शब्द आहे, मी म्हटलं, भाऊबंदकी.
त्याने तो दोनदा म्हणून पाहिला, त्याला आवडला.
चुलत्याचा बुरूज आता एका जर्मन दंतवैद्याचा आहे.
गोळीच्या भोकातून एसीची नळी बाहेर आली आहे.

किल्ली वीतभर, कुलपात तीनदा अडली.
आत मेणाचा वास, आणि भिंतीवर संत,
एकालाही डोळे नाहीत.
तुर्कांनी? मी विचारलं.
"परदेशी लोकांना तसं सांगतो," तो म्हणाला.
"आमच्या बायकांनी. डोळे आले, दिसेनासं झालं,
की संताचा डोळा खरवडायचा,
ती पूड पाण्यात कालवून लावायची."
एका कोपऱ्यात, खालच्या बाजूला,
एक ओरखडा पांढरा होता, अगदी ताजा.
आम्ही दोघांनी पाहिला.
दोघांनीही लिगेरीचं नाव घेतलं नाही.

वेदीखाली त्याहून जुना संगमरवर, अक्षरं उलटी.
बांधणाऱ्याला दगड सपाट हवा होता, वाचायचा नव्हता.
अथेन्सचे कोणी प्राध्यापक आले होते,
मान वाकडी करून तासभर पडून राहिले,
म्हणाले, भाव लिहिलेत. चपलांचे, वाइनचे, न्हाव्याचे.
"तेलाचा काय होता?" किरियाकुलीसने तेव्हाच विचारलं होतं.
नेमका तेवढाच तुकडा फुटलेला.
हे सांगताना त्याचा चेहरा पडला,
जणू यंदाचाच भाव बुडाला.

त्याला घाण्यावर परतायचं होतं.
"दुकानात ठेव," म्हणत त्याने किल्ली माझ्या हातात दिली
आणि उतारावरून निघूनही गेला.
ना नाव विचारलं, ना सही.

बस चारची. अजून पाऊण तास होता.
बाकावर बसले, किल्ली मांडीवर,
तिला तेलाचा वास लागला होता, किंवा मला.
मांजर आलं, हुंगून गेलं.
दुकानातून आरडाओरडा ऐकू येत होता,
चौथ्याचा डाव बहुधा फिरला होता.